वेडेपणाची सनद



आपल्या तळवडे गावाला लागून जी इंद्रायणी वाहते, तिच्या वरच्या अंगाला देहू आहे आणि खालच्या अंगाला आळंदी आहे. म्हणजे ज्या माणसाला त्याच्याच गावाने वेडा ठरवले त्या तुकोबांच्या अंगणापासून निघालेले पाणी, ज्या भावंडांना त्यांच्याच लोकांनी संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकले त्या ज्ञानदेवांच्या समाधीकडे जाताना, वाटेत तळवड्याला भेटून जाते. अशा ठिकाणी उभे राहून एका ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती नम्रतेविषयी आणि श्रद्धेपायी वेडे ठरण्याच्या तयारीविषयी बोलावे, अशी आपण आज्ञा केलीत, ती मी शिरसावंद्य मानली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवता, त्यांच्या सहवासाचे भाग्य मला लाभले नाही. पण ते सेवानिवृत्त झाल्यावरही रोज पहाटे शाळेचे आवार स्वतः झाडून काढीत, आणि लोक त्यांना हसत, एवढे मात्र आपल्यापैकी एका वृद्ध गृहस्थांनी मला आताच सांगितले. मला तेवढे पुरे आहे. आजचा विषय या गावात माझ्या आधीच येऊन बसलेला आहे, असे मी समजतो.

प्रथम शब्दाविषयी थोडे बोलू द्या. ‘मूर्ख’ आणि ‘वेडा’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो खरे, परंतु मराठी माणसाच्या तोंडी त्यांचे वजन सारखे नाही. मूर्खाचा आपल्याला तिटकारा येतो. वेड्याविषयी कुठेतरी माया असते. गाण्याचे वेड, देवाचे वेड, पंढरीचे वेड असे आपण म्हणतो. गाण्याचा मूर्खपणा असे कोणी म्हणत नाही. आणि समर्थांनी तर ‘दासबोधा’त मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खाची लक्षणे निराळी सांगितली; कारण न शिकलेल्याच्या चुका मोजणे सोपे असते, पण विद्येच्याच जोरावर जो आंधळा होतो त्याचा मामला अधिक कठीण असतो, हे त्यांना ठाऊक होते. हे तीन शब्द, मूर्ख, पढतमूर्ख आणि वेडा, आपण जवळ ठेवू या. मराठी भाषेने आपल्या हाती दिलेल्या या तीन चाव्या आहेत, आणि पुढची कुलपे त्यांनीच उघडतात.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातील करिंथ नावाच्या बंदरात पौल नावाचा एक यहुदी गृहस्थ येऊन राहिला. करिंथ म्हणजे दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या भूमीवर वसलेले, व्यापाराने गबर झालेले शहर. कुठून कुठून आलेली माणसे, नवा पैसा, नवी घरे, आणि कालपर्यंत ज्याला कोणी ओळखत नव्हते त्याची आज प्रतिष्ठा मिळवण्याची धडपड. (या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे चित्र फार परके वाटू नये.) गमलियेल या थोर धर्मशास्त्र्याच्या पायांशी बसून शिकलेला हा पौल त्या शहरात काय करीत होता? तो तंबू शिवत होता. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू करणाऱ्या दांपत्याच्या घरी राहून, त्यांच्याच धंद्यात हात घालून, तो आपल्या पोटापुरते मिळवीत होता. त्या काळच्या ग्रीक पंडिताच्या दृष्टीने हातांनी काम करणे हे दासाचे लक्षण. आणि हा मनुष्य सुईदोऱ्याने घट्टे पडलेले हात घेऊन तत्त्वज्ञानाच्या गावात तत्त्वाच्या गोष्टी बोलायला उभा राही. बरे, बोलत काय होता? तर ज्याला रोमन सरकारने गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखून ठेवलेल्या शिक्षेने वधस्तंभावर टांगून मारले, तो देवाचा अभिषिक्त आहे.

आज चांदीचा क्रूस गळ्यात घालणाऱ्या आपल्याला त्या वाक्यातला अपमान जाणवेनासा झाला आहे. फाशीचा दोर गळ्यातला दागिना म्हणून कोणी घातला, तर शेजारीपाजारी काय म्हणतील? करिंथकरांनी तेच म्हटले. आणि पौलाने त्यांना जे पत्र लिहिले त्यात आपल्या बचावाची कैफियत मांडण्याऐवजी त्याने आरोप सरळ कबूल केला: आम्ही ख्रिस्तापायी मूर्ख आहोत, अशा आशयाचे शब्द त्याने लिहिले. त्याचा खरा वाद न शिकलेल्यांशी नव्हताच. त्या मंडळीत गट पडले होते, कोणाचा गुरू अधिक वक्तृत्ववान यावर भांडणे चालली होती, आणि ज्ञानाच्या मिजाशीत धनवान माणसे प्रभुभोजनाच्या वेळी गरिबांची वाट न पाहता आधीच जेवून घेत होती. पौलाच्या समोर पढतमूर्ख बसले होते, आणि त्यांना उत्तर द्यायला त्याने वेड्याची जागा पत्करली.

येथे एक गैरसमज होण्याजोगा आहे. अडाणीपणाला, आळसाला, अभ्यासाच्या कंटाळ्याला श्रद्धेचे पांघरूण घालून मिरवणारी माणसे प्रत्येक धर्मात आहेत आणि आमच्यातही आहेत. त्यांच्याविषयी मी बोलत नाही. ज्याच्यापाशी शहाणपण होते, त्या शहाणपणाचा हक्क होता, त्या हक्काचे उत्पन्न येत होते, आणि ज्याने एका सकाळी तो हक्क सोडून दिला, त्याच्याविषयी मी बोलतो आहे. वतन नसलेल्याने वतनाचा राजीनामा देण्यात काय अर्थ?

अशी वेडी माणसे ख्रिस्ती जगात बरीच झाली. मॉस्कोच्या लाल चौकातले रंगीबेरंगी घुमटांचे जे मंदिर चित्रांतून आपण सर्वांनी पाहिले आहे, ते लोकांच्या तोंडी बेसिलच्या नावाने ओळखले जाते. आणि हा बेसिल सोळाव्या शतकात रशियातल्या थंडीत जवळजवळ उघडाच फिरणारा वेडा होता. त्या देशात अशा वेड्यांना संत मानण्याची परंपराच होती. पण इतक्या दूर कशाला जावे? आपल्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभू होऊन गेले. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी गोळा केल्या. हे म्हाइंभट स्वतः विद्येचा ताठा बाळगणारे पंडित होते, आणि ज्याच्या वागण्याला कसलाही ताळतंत्र नाही अशा पुरुषाचे बोलणे, हसणे, रुसणे, पोरांत खेळणे, कोणाच्याही घरात शिरणे, मातंगांच्या वस्तीत जाणे हे सगळे त्यांनी एखाद्या इमानी कारकुनाने रोजनामा लिहावा तसे टिपून ठेवले. गाव गोविंदप्रभूंना वेडे म्हणे आणि तेच गाव त्यांना आपली आई आणि आपला बाप म्हणे. हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येते, ही या मातीची समज आहे. म्हणूनच मी म्हणतो की, ख्रिस्ताचे वेड या देशात आले तेव्हा त्याला राहायला जागा शोधावी लागली नाही.

आता नारायण वामन टिळकांकडे येतो. आपल्यापैकी पुष्कळांना ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून शाळेच्या पुस्तकातून माहीत असतील. १८६१ साली कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन कुळात त्यांचा जन्म झाला. संस्कृतावर प्रभुत्व, शीघ्र कवित्व, सभा जिंकणारे वक्तृत्व, आणि नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्यासारख्या धनवंताचा आश्रय; त्या काळी विद्वानाला आणखी काय हवे असते? १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी आदराने बोलणे केले आणि उतरताना ‘नवा करार’ हाती दिला. त्या प्रवाशाचे नाव टिळकांना पुढे कधीच कळले नाही. इतक्या मोठ्या घटनेचा कर्ता पुढच्या स्टेशनावर गर्दीत मिसळून गेला, आणि त्याच्या नावाची पाटी कुठेही लागली नाही, ही गोष्ट मला वर्षानुवर्षे फार मोलाची वाटत आली आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो झाला अमेरिकन मिशनात; तिथलेच एक मिशनरी जस्टिन ॲबट. आणि याच गृहस्थांनी उत्तरायुष्यात महिपतींचे संतचरित्र आणि संत बहिणाबाईंचे आत्मकथन इंग्रजीत नेण्यात आपली वर्षे घातली, हे जाता जाता सांगतो, कारण कोण कोणाला काय देतो याचा हिशेब वाटतो तितका सरळ नसतो. टिळक स्वतः म्हणत की, आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. तो पूल इथून हाकेच्या अंतरावर सुरू होतो.

बाप्तिस्म्याने टिळकांचे काय गेले? जात गेली, आप्त गेले, मित्रांची पंगत गेली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या, आणि नवराबायकोची ही फारकत पुढे काही वर्षे चालली. १९०० साली राहुरीला लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या बुद्धीने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या सोवळ्याओवळ्याचे बंध एकेक करून कसे सुटले, ते ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी इतक्या निर्मळपणे सांगितले आहे की, त्यावर मी भाष्य करणे धारिष्ट्याचे होईल. शाळेचे शिक्षण नसलेल्या त्या बाईने स्वतःची फजिती कुठेही झाकली नाही, आणि मराठी गद्याच्या पहिल्या पंगतीत तिचे पान मांडले गेले.

परंतु टिळकांचा वेडेपणा १८९५ साली संपला असे नाही. माझ्या मते तो तिथे नीट सुरूही झाला नव्हता. एका समाजाने बहिष्कार घातला तरी दुसरा समाज बाहू पसरून उभा असतो. अहमदनगरला टिळकांना मान मिळाला, धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवण्याचे काम मिळाले, ‘ज्ञानोदया’च्या संपादनाची जबाबदारी मिळाली, आणि जी ख्रिस्ती मंडळी बहुतांशी विलायती चालींवर गात होती तिच्या ओठी अभंग, ओवी आणि भजन घालण्याचे श्रेय मिळाले. शेकडो गीते त्यांनी लिहिली. ती आजही आमच्या उपासनेत गायली जातात. आणि मग १९१७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला. साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ उभा केला. ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही भाऊ म्हणून यावा, ज्यात कोणी साहेब नाही, कोणी कोणाचा नोकर नाही. दरबार म्हटला की मानकरी आले, बसण्याचा क्रम आला, सनदा आणि इनामे आली. या दरबारात रुजू होणाऱ्याला यांपैकी काहीच मिळणार नव्हते. हिंदूंनी त्यांना बाटगा म्हणून सोडले होतेच. आता पुष्कळ ख्रिस्ती हितचिंतकांनाही वाटू लागले की, या माणसाचे उतारवयात काही बिनसले. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

हा प्रयोग फसला असे जमाखर्च मांडणारा म्हणेल, आणि आकड्यांच्या दृष्टीने त्याचे चुकणार नाही. परंतु परक्यांनी वेडा म्हणणे सोसण्यात एक प्रकारचा गोडवाही असतो. त्यात हुतात्म्याची झळाळी असते. आपल्याच मंडळीने, आपल्याच उपासनेतल्या शेजाऱ्याने, ज्यांच्यासाठी सर्वस्व सोडले त्यांनीच हळहळत मान हलवावी, हे सोसण्यात कसलीही झळाळी नाही. नम्रतेची कसोटी मी तिथे मानतो. आणि आज आमच्या मंडळ्यांमध्ये कमिटीवरच्या जागेसाठी, समोरच्या बाकासाठी, कोनशिलेवरच्या नावासाठी जे चालते ते पाहताना या साताऱ्याच्या दरबाराची आठवण येऊन मला रात्री झोप लागत नाही. हे मी दुःखाने बोलतो आहे.

मघाशी मी नम्रतेचा उल्लेख केला. नम्रता म्हणजे वाकणे, असे आपण मुलांना शिकवतो. मग पंडिता रमाबाईंना नम्र म्हणता येईल काय? १८५८ साली जन्मलेली ही अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या. दुष्काळात आईबाप आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. भावाबरोबर पायी देश तुडवीत ती कलकत्त्याला पोहोचली, आणि तिथल्या विद्वत्सभेने तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनींच्या आश्रयाला ती राहिली होती, त्यांनी साहजिकच अपेक्षा केली की, आता ही आज्ञाधारक होईल. तसे झाले नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे तिने विचारले. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले, तेव्हा आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर कोणाचा हुकूम चालणार नाही, या अर्थाचे उत्तर तिने दिले. माणसांपुढे इतकी ताठ राहिलेली बाई नम्र कशी?

ती नम्रता पाहायची असेल तर पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला जावे लागते. मुंबईत १८८९ साली उघडलेले शारदासदन पुण्यात आले. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपाचे वादळ उठून पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे मध्य प्रांतातला आणि नंतर गुजरातेतला दुष्काळ आला, आणि रमाबाईंनी शेकडो उपाशी मुलीबाया आणून केडगावच्या माळावर मुक्तिसदन वसवले. हा इतिहास आपल्याला माहीत आहे, तो मी विस्ताराने सांगत बसत नाही. मला सांगायचे आहे ते भाषेविषयी.

आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतराला दिली. मूळ भाषांतून भाषांतर करायचे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठी बायबल आधी नव्हते असे नाही. पण त्याची भाषा शिकलेल्यांची होती, आणि केडगावच्या ओसरीवर बसलेल्या बाईला ती कळत नसे. तेव्हा या पंडितेने काय केले? भागवताचे अठरा हजार श्लोक जिला पाठ होते असे सांगतात, जिच्या संस्कृत वाणीवर कलकत्त्याची सभा डोलली होती, तिने भाषांतर करताना संस्कृत शब्द एकेक करून बाजूला सारले, आणि कुणब्याच्या, मजूर बाईच्या घरात चालेल ते मराठी शब्द शोधून शोधून वेचले. सदनातल्याच मुलींनी छापखान्यात खिळे जुळवले. काल ज्या मुलीला दुष्काळाने रस्त्यावर टाकले होते, ती आज शाईने काळी झालेली बोटे घेऊन अक्षर न् अक्षर उलटे वाचीत शुभवर्तमानाची ओळ बसवते आहे, असे ते दृश्य असणार. विद्वानांना ते भाषांतर खडबडीत वाटले. आमच्याही उपासनेत ते सर्वमान्य झाले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

गोविंदप्रभूंना मानणाऱ्या महानुभाव पंथाच्या स्मृतिग्रंथात एक प्रसंग आहे. केशवराजसूरी संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका लुबाडल्या जातील. त्या प्रसंगानंतर सहाशे वर्षांनी एका स्त्रीने, हे सांगायला कोणी आचार्य समोर नसताना, स्वतःला थांबवले. कवीने कीर्ती सोडावी हे समजते, धनवंताने धन सोडावे हेही समजते. पण ज्या भाषेत आपण विचार करतो, ज्या भाषेने आपल्याला पोरकेपणात तारले, ती भाषा दुसऱ्याच्या आईला कळत नाही म्हणून उतरवून ठेवणे, हे सोडणे किती आतले आहे! शास्त्रात ख्रिस्ताविषयी म्हटले आहे की, त्याने स्वतःला रिकामे केले. त्या शब्दावर धर्मपंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत. मला तो केडगावच्या छापखान्यात कळतो.

आता शेवटी, माझ्या डोळ्यांनी पाहिलेले एक सांगतो.

काही वर्षांपूर्वी, याच औद्योगिक पट्ट्यातल्या एका लहानशा मंडळीत मी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी उपासनेला गेलो होतो. भाड्याची खोली, पत्र्याचे छप्पर, खाली सतरंजी. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुणार होते. पाय धुणे हे त्या देशात दासाचे काम. आपल्याकडे राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्टी काढल्याची कथा लहान मुलालाही येते आणि जनाबाईबरोबर विठोबा दळायला बसतो, तेव्हा सेवा करणारा देव आपल्याला नवा नाही. पण त्या रात्री पेत्राने पाय मागे घेतले होते, हे आपण विसरतो. दुसऱ्याचे पाय धुण्यात थोडा मोठेपणाही मिळतो. आपले मळके पाय दुसऱ्याच्या हाती देण्यात काहीच मिळत नाही.

रांगेत सातवा की आठवा एक तरुण बसला होता, प्रेसशॉपमधला. कामावरून सरळ आलेला. इतरांनी चपला काढल्या होत्या. याच्या पायांत कंपनीचे जड सेफ्टी शूज होते आणि ते काढायला तो तयार नव्हता. पाळकसाहेब घमेले घेऊन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तसा तो खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, माझे राहू द्या. पाय घाण आहेत.” पाळकसाहेब काही बोलले नाहीत, उठलेही नाहीत. ते सत्तरीचे होते, गुडघे दुखरे होते, आणि घमेल्यातल्या पाण्यावर दिव्याचा उजेड हलत होता. खोलीतले सगळे थांबले. बऱ्याच वेळाने त्याने नाड्या सोडल्या. मोजा अंगठ्यापाशी फाटला होता. केव्हातरी जॉब पडून नख काळेनिळे झाले होते. ऑइलचा वास सगळ्या खोलीत पसरला. पाळकसाहेबांनी ते पाऊल दोन्ही हातांत घेतले, बोटांच्या फटींतली काळी रेघ अंगठ्याने चोळून काढली, मग दुसरे घेतले, आणि खांद्यावरच्या पंचाने पुसले. तरुण वर पाहत होता, छपराकडे. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हते.

मग पाळकसाहेबांना उठता येईना. तेव्हा तो तरुण ओल्या अनवाणी पायांनीच सतरंजीवर उभा राहिला, त्यांच्या काखेत हात घालून त्याने त्यांना सावकाश वर घेतले, आणि घमेले उचलून शेजारच्या माणसासमोर स्वतः नेऊन ठेवले.